पाककृतींच्या साइटवर अफिलिएट लिंका: कुठे लावाव्यात, कुठे नकोतच

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. मराठी पाककृतींची साइट आहे, वाचक बऱ्यापैकी जमलेत, होस्टिंगचा आणि सामानसुमानाचा खर्च तरी सुटावा म्हणून अफिलिएट लिंका, म्हणजे वाचकाने त्यांवरून दुकानात काही घेतलं की आपल्याला कमिशन देणाऱ्या लिंका, लावायच्या आहेत. पण साइटचं दुकान होऊ नये आणि जुन्या वाचकांना 'आता हेही विकायला लागले' असं वाटू नये. शिवाय, 'कढई', 'मिक्सर', 'तूप' हे शब्द जिथे येतील तिथे आपोआप लिंक चिकटवणारं एक प्लगइन मिळतं, ते लावावं का?

प्लगइनचं आधी सांगतो: लावू नका. मी स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर आणि उपकरणांवर बरीच वर्षं लिहितोय आणि त्या लिखाणाचा खर्च मुख्यतः अफिलिएट कमिशनवरच निघतो, तरीही हे सांगतोय. 'कढईत तेल तापवा' हे वाक्य वाचणाऱ्याच्या घरी कढई आहे. बहुतेक वेळा ती गॅसवर चढलेलीसुद्धा आहे आणि मोबाइल ओट्यावर टेकवून तो पुढची पायरी वाचतोय. पिठाच्या बोटाने स्क्रीन वर सरकवताना चुकून लिंक दाबली जाते, दुकानाचं ॲप उघडतं आणि इकडे फोडणी करपते. असा वाचक परत येत नाही. तुम्हाला मात्र आकडेवारीत क्लिक वाढलेले दिसतात आणि सगळं छान चाललंय असं वाटत राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: वाचकाला काहीतरी घ्यायचंय आणि नेमकं काय घ्यावं ते कळत नाहीये, अशाच जागी लिंक शोभते. पाककृती वाचणाऱ्याला त्या क्षणी काही घ्यायचं नसतं, म्हणून पाककृतीच्या पानावर दुकानाची लिंक एकही नको. त्याऐवजी वस्तूंवर वेगळी पानं लिहा, मोजकीच, आणि कमिशनचा सगळा भार त्यांच्यावर टाका. घावनांच्या पाककृतीत फक्त एवढंच लिहा: 'तव्याला चिकटत असतील तर बिडाच्या तव्याबद्दल इथे सविस्तर लिहिलं आहे', आणि ती लिंक तुमच्याच पानाकडे न्या. ज्याला गरज आहे तो तिकडे जाईल. बाकीचे घावन करतील.

असं केलं की मधे एक पायरी वाढते आणि काही वाचक गळतात, हे खरं आहे. पण दुसऱ्या पानावर पोचतो तो घ्यायच्या विचाराने पोचतो. अशा शंभर जणांतले घेणारे आणि पाककृतीच्या पानावरून चुकून दुकानात ढकललेल्या शंभर जणांतले घेणारे यांत फार फरक पडतो.

आता ते वस्तूचं पान कसं असावं, यावर जरा थांबतो, कारण बहुतेक साइट इथेच घसरतात. दुकानाच्या पानावरची वैशिष्ट्यं मराठीत उतरवायची, 'फायदे' आणि 'तोटे' अशा दोन रकान्यांत टाकायची, पाच तवे एकाखाली एक लावायचे आणि प्रत्येकाखाली मोठं बटण ठेवायचं. वाचकाला नवं काही मिळत नाही. विक्रेत्याचंच वर्णन उचलून स्वतःची काही भर न घालणारी अफिलिएट पानं गुगलच्या स्पॅमविषयक धोरणात नाव घेऊन नमूद आहेत, म्हणजे शोधात वर यायचीही मारामार.

बिडाच्या तव्याचंच पान घ्या. वाचकाला खरं काय विचारायचं असतं? पहिलं म्हणजे वजन. दहा-अकरा इंची बिडाचा तवा दोन किलोच्या घरात किंवा वरच असतो. मनगट दुखणाऱ्या माणसाने तो रोज उचलावा का? नको, आणि हे पानावर स्पष्ट लिहायला हवं. दुसरं, 'प्री-सीझन्ड' म्हणून येणारा तवा पहिल्याच दिवशी न चिकटणारा असतो का? नसतो. कारखान्यात तेलाचा थर भाजून दिलेला असतो, पण आंबोळी सहज सुटायला लागेपर्यंत घरी तेलाचे आणखी हात द्यावेच लागतात. कच्चा तवा घेतला तर गंजू नये म्हणून त्यावर बऱ्याचदा वंगणाचा लेप असतो. तो घासून काढायचा, मग तेल लावून तापवायचं. आपल्याकडे काही घरांत नवा तवा तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत भिजवून ठेवतात, तेही सांगा. तिसरं, इंडक्शनवर चालतो का? बीड चुंबकाला धरतं, म्हणून चालतो, पण काचेवर घासत सरकवला तर ओरखडे पडतात, आणि शेगडीची तापणारी चकती तव्यापेक्षा लहान असेल तर कडा थंडच राहते. चौथं, भाकरी आणि घावन एकाच तव्यावर करावेत का? भाकरीच्या कोरड्या कडक आचेने तेलाचा थर जळतो आणि दुसऱ्या दिवशी घावन चिकटतात, म्हणून जमलं तर दोन तवे वेगळे. कोकम, चिंच, टोमॅटो असं आंबट त्यात शिजवत ठेवलं तर थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. मूठही बिडाचीच असेल तर ती तापते, फडकं लागतं.

हे सगळं लिहून झाल्यावर 'मी हा तवा वापरतो' किंवा 'या दोनांतला एक घ्या' एवढं सांगायचं आणि लिंक द्यायची. दोन पर्याय पुरेत, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. पंधरा पर्याय देणाऱ्याने निवडच केलेली नसते. आणि निवड करून मिळावी म्हणूनच तर वाचक आलेला असतो.

पानावर अशी एक जागा ठेवाच, जिथे तुम्हाला काहीच मिळत नाही. पुण्यात असाल तर तुळशीबागेत हातात धरून, वजन जोखून तवा घ्या. तांब्या-पितळेचं काही हवं असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत जा, मुंबईकरांनी तांबाकाट्याला जावं. गावाकडे आठवडी बाजारात लोहाराकडे लोखंडी तवा मिळतो, तो भाकरीला उत्तम. या वाक्यांवर कमिशन शून्य. पण लिंक नसलेली शिफारस वाचली की लिंक असलेल्या शिफारशीवरही विश्वास बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्याला तुळशीबाग लांब आहे तो तुमच्याच लिंकवरून घेतो.

फोटो स्वतः काढा. दुकानाच्या पानावरचा फोटो उतरवून लावणं बहुतेक अफिलिएट कार्यक्रमांच्या, म्हणजे दुकानांच्या कमिशन-योजनांच्या, नियमांत बसत नाही, ॲमेझॉनच्या तर नाहीच. त्यांच्या 'साइटस्ट्राइप' या लिंक बनवायच्या पट्टीतून मिळणाऱ्या चित्रांच्या लिंकाही २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. आणि वापरून काळाभोर, गुळगुळीत झालेल्या तुमच्या तव्याचा साधा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या चकचकीत चित्रापेक्षा जास्त सांगतो. किंमतही हाताने लिहू नका. ती दिवसात दोनदा बदलू शकते आणि ॲमेझॉनच्या नियमांतही हाताने टाकलेली किंमत चालत नाही. तिथल्या ग्राहकांची मतं आणि तारे उतरवून घेणं तर नाहीच नाही.

लिंकचे शब्दही साधे ठेवा. 'आत्ताच खरेदी करा', 'ऑफर संपायच्या आत' हे नको. 'हा दहा इंची तवा ॲमेझॉनवर' असं लिहिलं की आपण कुठे जाणार ते वाचकाला दाबण्याआधीच कळतं. दुकान कुठलं ते लपवणारी छोटी लिंक करू नका, त्यालाही बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. 'फक्त २ शिल्लक' छापाची घाई हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न उरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध, म्हणजे 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई त्यात आहे आणि मजकुराच्या वेषात लपवलेली जाहिरातही आहे.

तिथून ओघाने उघड सांगण्याचा मुद्दा येतो. बरेच जण याला घाबरतात: कमिशन मिळतं असं लिहिलं तर वाचक दाबणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे, पण अनुभव बाजूला ठेवला तरी सांगावंच लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी पैशाचा संबंध असेल तर तो उघड करायचा, हे त्यांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढली. मुंबईच्या ॲस्की या जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली त्याआधीची, २०२१ ची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तव्याच्या लिंकवरून उद्या कोणी तुमच्या दारात येणार नाही, घाबरवण्याचा हेतू नाही. पण 'आपण छोटे, आपल्याला काय' हे काही उत्तर होत नाही.

नुसतं सांगायचं नाही, योग्य जागी सांगायचं. साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत, किंवा 'धोरणे' नावाच्या पानात पुरून ठेवणं म्हणजे न सांगितल्यासारखंच. वस्तूच्या पानावर पहिल्या लिंकच्या आधी, नेहमीच्याच अक्षरात, दोन वाक्यं पुरतात: 'या पानावरच्या दुकानाच्या लिंकांवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला त्यासाठी जास्त पैसे पडत नाहीत.' बस. पाककृतींच्या पानांवर हे लिहायची गरजच नाही, कारण तिथे लिंका नाहीत, हा वेगळ्या पानांचा आणखी एक फायदा. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात सहयोगी ('असोसिएट') असाल तर त्यांचं ठरलेलं इंग्रजी वाक्य साइटवर लागतं, ते लावा. पण मराठी वाचकाला सांगायचं ते मराठीत सांगा. मजकूर मराठी आणि खुलासा इंग्रजी हे सरकारी मार्गदर्शक सूचनांच्या भावनेत बसत नाही, आणि वाचकाशीही ती लबाडीच आहे.

'लिंकवरून खरेदी करून आम्हाला पाठिंबा द्या' असं मात्र लिहू नका. खरेदी करा म्हणून गळ घालणं, त्याबदल्यात काही देऊ करणं, स्वतःच्या लिंकवरून स्वतःच घेणं, हे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही. घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या खरेदीवरही त्यांची नजर असते. म्हणजे मावशीला मिक्सर घ्यायचाय म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपली लिंक टाकणं हा खातं गमावायचा सगळ्यात आपुलकीचा मार्ग आहे. ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये किंवा खासगी ग्रुपमध्ये लिंक टाकण्याआधी त्या त्या कार्यक्रमाचे नियम वाचा. आपल्याकडे पाककृती पीडीएफ होऊन फिरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

एक तांत्रिक काम: दुकानाच्या प्रत्येक लिंकच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा रेल (rel) गुणधर्म लावा, म्हणजे ही कमिशनची लिंक आहे हे गुगलला कळतं. गुगलने तो सप्टेंबर २०१९ मध्ये आणला. त्याआधी २००५ पासूनचा 'नोफॉलो' वापरायचे, तो आजही चालतो. वर्डप्रेसमध्ये यासाठी हलकी साधनं आहेत, हाताने केलं तरी मोजक्या पानांना वेळ लागत नाही.

पैशांचं आता. ही पद्धत जुनी आहे. ॲमेझॉनने आपला सहयोगी कार्यक्रम १९९६ मध्ये पुस्तकांसाठी सुरू केला, आणि मूळ हिशेब तेव्हापासून तसाच: तुमच्या खुणेची लिंक दाबून आलेल्याने ठरावीक मुदतीत काही घेतलं तर टक्केवारी तुमची. ॲमेझॉनकडे ही मुदत २४ तासांची. त्या वेळात कार्टमध्ये टाकलेली वस्तू पुढे काही दिवसांनी घेतली तरी ती बहुधा तुमच्या नावावर धरली जाते. तवा पाहायला गेलेला माणूस मोबाइलचं कव्हर घेऊन येतो आणि त्याचंही कमिशन तुमच्या अहवालात दिसतं, दचकू नका. कमिशन कर वगळून उरलेल्या रकमेवर असतं, वस्तू परत आली की ते वजा होतं, आणि पैसे हातात पडायला साधारण दोन महिने जातात. नवीन खात्यावर १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून आधी पानं लिहा, वाचक येऊ द्या, मग अर्ज करा.

एक साधा हिशेब मांडू. आकडे निव्वळ धरून चालायचे आहेत. तव्याची करापूर्वीची किंमत १,००० रुपये, कमिशन ५ टक्के, म्हणजे एका तव्यामागे ५० रुपये. त्या पानावर महिन्याला २,००० वाचक आले, त्यांतल्या २०० जणांनी लिंक उघडली, १० जणांनी घेतला, एकाने परत केला. हाती ४५० रुपये. अशी आठ-दहा चांगली पानं उभी राहिली तर महिन्याला चार हजारांच्या आसपास. होस्टिंग, डोमेन आणि फोटोंसाठीचं सामान त्यात आरामात सुटतं, घर चालत नाही. घर चालवायचं असेल तर लिंका दाट करून ते होणार नाही. पानं आणि वाचक वाढवावे लागतात आणि त्याला वर्षं लागतात.

दरांवर मात्र विसंबू नका. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानाचं कमिशन एका फटक्यात ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. टाळेबंदीत लोक ऑनलाइन खरेदीकडे वळलेले असतानाच हे झालं. ज्यांचं सगळं या वस्तूंवर आणि या एकाच कार्यक्रमावर होतं त्यांचं उत्पन्न रात्रीत निम्म्याखाली गेलं. आपल्याकडे क्यूलिंक्स, अर्नकरो अशा मध्यस्थांमार्फत अनेक दुकानांचे कार्यक्रम मिळतात. काही भांडी बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या साइटवरूनही कमिशन देतात आणि ते दर पुष्कळदा चांगले असतात. पण इथेच मोह सुरू होतो. एका दुकानात ४ टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के दिसले की शिफारस हळूच सरकायला लागते, आपल्याही नकळत. मी निवड लिहून संपवतो आणि मगच ती वस्तू कुठे मिळते, कुठे किती मिळतं ते बघतो. अमेरिकेतली वायरकटर ही उपकरणांच्या परीक्षणाची साइट याच उत्पन्नावर उभी राहिली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती ३ कोटी डॉलरला घेतली. तिथे परीक्षण करणारे आणि कमिशनचे व्यवहार बघणारे वेगळे ठेवतात. एकट्याच्या साइटवर माणसं वेगळी करता येत नाहीत, निदान वेळ वेगळी करता येते.

सगळ्यात जास्त कमिशन ज्यावर मिळतं, त्यातलं बरंचसं पाककृतींच्या साइटवर कधीच येऊ नये. वजन घटवणारी पावडर, 'साखर मुळापासून घालवणारा' काढा, डिटॉक्सचे चहा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपचार कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्ही ती बनवली नसलीत तरी तिच्या प्रसारात भाग घेतलात तर अंगाशी येऊ शकतं. त्याहून मोठं कारण असं की पाककृतीच्या साइटचा वाचक तुमचं ऐकून पोटात काहीतरी घालतो. पैजांची ॲप्स, झटपट कर्ज, 'डीमॅट खातं उघडा' यांचे कार्यक्रमही तुमच्याकडे येतील. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. शेअर बाजाराच्या बाबतीत सेबीने २०२४ पासून, नोंदणी नसताना सल्ले देणाऱ्यांशी नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवण्यावर निर्बंध घातले. पुरणपोळीच्या पानाखाली यातलं काहीही शोभत नाही, एवढं कारणही पुरे.

फुकट नमुने येतात, त्यांचंही ठरवून ठेवा. मी घेतो, पण परीक्षणात पहिल्याच ओळीत तसं लिहितो आणि आवडलं नाही तर तेही लिहीन, असं आधी ईमेलने कळवतो. तेवढं वाचूनच निम्मे गळतात, छान होतं. एका कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम लागू झाला आहे, म्हणजे महागडा ओव्हन 'भेट' आला तरी तो करखात्याच्या नजरेला पडतो.

तुमचे बरेच वाचक परदेशात असणार. न्यू जर्सीतल्या घरात पुरणयंत्र मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मला दर होळीला विचारतात. भारतातल्या ॲमेझॉनची लिंक त्यांच्या कामाची नाही, आणि भारतातल्या खात्याची खूण अमेरिकेतल्या दुकानात चालत नाही. त्या देशाच्या कार्यक्रमात वेगळी नोंदणी लागते. शिवाय विजेचं बघा: भारतातला मिक्सर २३० व्होल्टचा, अमेरिकेत १२० व्होल्ट. तो तिकडे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर चटणी वाटली जाणार नाही. तिथल्या विजेवर चालणारे भारतीय धाटणीचे मिक्सर अमेरिकेत मिळतात, परदेशी वाचकांसाठी तेच सुचवा आणि का, ते दोन ओळींत लिहा. या दोन ओळींमुळेच ते पान एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

देखभाल म्हणजे कंटाळवाणं काम, पण खरी अब्रू इथेच राहते. वस्तू बंद पडतात, विक्रेते बदलतात, त्याच पानावर कधीकधी भलतीच वस्तू चढवलेली असते आणि जुने तारे तसेच राहतात. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा. वस्तू गेली असेल तर लिंक काढा, माहिती ठेवा. घाईने तिच्या जागी दुसरं काहीतरी चिकटवू नका. प्रत्येक पानाला वेगळा ट्रॅकिंग आयडी (लिंकमधली तुमची खूण) दिलात तर कुठलं पान खरंच उपयोगी पडतंय ते कळतं. क्लिक भरपूर आणि खरेदी शून्य असेल तर बहुधा तुम्ही वस्तूबद्दल जे लिहिलंय आणि दुकानात जे दिसतंय त्यांत तफावत आहे. परत येणाऱ्या वस्तू जास्त असतील तर 'कोणी घेऊ नये' हा भाग पानात कमी पडलाय.

कराचं थोडक्यात. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचंच. कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, आणि एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत तो कापला जात नाही. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी साधारणपणे २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण परदेशी कार्यक्रमातून डॉलर यायला लागले की एकदा सीएकडे जाऊन या.

शेवटी, सुरुवात कशाने करावी. तुमच्या पाककृती पाहता मी तीन पानं आधी लिहीन. एक बिडाच्या तव्याचं, ते बाराही महिने चालतं. दुसरं चकलीच्या सोऱ्याचं: पितळी घ्यावा की स्टीलचा, दाबायचा की फिरकीचा, चकती बसते ती खाच घट्ट आहे का, हाताला जोर कमी असलेल्यांनी कुठला घ्यावा. तिसरं कल्हईच्या पितळी भांड्यांचं. यात कमिशन कमी, पण प्रश्न सगळ्यात जास्त: कल्हई नसलेल्या पितळेत आमटी का करू नये, कल्हई कथिलाची असते आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं म्हणून रिकामं भांडं आचेवर का ठेवू नये, पुन्हा कल्हई कुठे करून मिळते. सोऱ्याचं पान दिवाळीच्या तोंडावर लिहून भागणार नाही. शोधात यायला वेळ लागतो, म्हणून ते आषाढात प्रसिद्ध व्हायला हवं, आणि त्यासाठी फोटोपुरत्या चकल्या उन्हाळ्यातच तळाव्या लागतील. घरच्यांची हरकत नसावी.